कातडी वयाप्रमाणे ठीक

१८ जानेवारी २०१९, शुक्रवार. सकाळी सहा.
आज गिरणी संपाला सदतीस वर्षं झाली. संप अधिकृतपणे कोणी मागे घेतलेला नाही. तेव्हा कायद्यानं बघितलं तर मी, लवू गुणाजी घाडी, साचेखातं म्हणजे मागांचं खातं, अजून संपावरच आहे. लोअर परळच्या टॉवरमध्ये लॉबीत सिक्युरिटीचं काम करतो ते तात्पुरतं. तेरा वर्षं झाली.

टॉवर आमच्याच मिलच्या जागेवर आहे. माझं टेबल जिथे आहे तिथे आमच्या खात्याचा जिना होता. एका व्हिजिटरला हे सांगितलं. तो म्हणाला, ओके, पण लिफ्ट कुठल्या बाजूला.

आजपासून ही वही. शेवंतीला वाटतं भजनाची आहे. शेवंती म्हणजे आमची मंडळी. संपात घर तिनं चालवलं, भाकऱ्या करून. अजून करते, कोपऱ्यावरच्या खानावळीला रोज ऐंशी. मी नको म्हणत नाही. तिला आवड आहे.

मुख्य बातमी. १ जूनपासून टॉवरला नवी एजन्सी. काल मीटिंगमध्ये सुभद्रा मॅडम, आमच्या फॅसिलिटी मॅनेजर, म्हणाल्या की लॉबीत फ्रेश चेहरे हवेत. ३१ मेला निवड. बाकीच्यांना पी-थ्री, म्हणजे तिसरं तळघर, पार्किंग. हे सांगताना सगळे माझ्याकडे बघत होते. सीनियर माणसाकडे लोक बघतातच.

आरशात बघितलं. वय एकसष्ट, पण पंचावन्नचा दिसतो. ट्यूबलाइट बंद केली तर पन्नास.

ठराव. एक, चेहरा फ्रेश करणे. दोन, मिशी काळी करणे. तीन, शेवंतीला काही सांगायचं नाही. उगाच काळजी करते.

२० जानेवारी, रविवार.
समोरच्या खोलीतला चिंतामणी आला. हा आधी विमा विकायचा, मग पाण्याचे फिल्टर. आता कोलॅजेनची पावडर. म्हणाला, "लवूकाका, कातडीच्या आत एक जाळं असतं. वय झालं की ते सैल पडतं. ही पावडर ते परत विणते."

विणते म्हटल्यावर मी सरळ बसलो. ह्यातलं मला कोणी शिकवायला नको. ताणा सैल पडला की कापड लोंबणारच. इतकी साधी गोष्ट, आणि आजवर एकाही डॉक्टरनं सांगितली नाही.

विचारलं, गाईचं तर नाही ना. म्हणाला, मरीन आहे, माशाचं. मग प्रश्नच मिटला. आम्ही मालवणकडचे. जन्मभर कोलॅजेनच खातोय, फक्त नाव माहीत नव्हतं.

दोन निळे डबे घेतले. रोज उपाशीपोटी एक चमचा, कोमट पाण्यात. नव्वद दिवसांत दहा वर्षं कमी. म्हणजे एप्रिलअखेर मी एक्कावन्न. निवडीला एक महिना हातात राहतो.

शेवंतीनं विचारलं हे काय. मी म्हणालो, पोटासाठी. ती म्हणाली, "तुमचा पोट तर बरा आसा." विषय बदलला.

२७ जानेवारी, रविवार.
आठ दिवस झाले. मोबाइलवर चेहऱ्याचा फोटो काढला. पहिल्या दिवशी काढायला हवा होता, राहून गेला. तरी फरक आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार. कामावर जायच्या आधी.
आज शेवंतीनं कमाल केली. तवा गॅसवरून घसरला तो तिनं नुसत्या हातानं धरला, परत वर ठेवला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तोंडातून शब्द नाही. मीच बघितलं, करंगळीखाली मोठा फोड आलाय. दुखतंय का विचारलं. म्हणाली, "माका कायच कळाक नाय."

इतकी वर्षं तव्यासमोर बसलं की हात तयार होतो. साच्यांच्या खडखडाटात माझे कान असेच तयार झाले होते. लॉबीत सगळ्यांना सांगितलं. हल्लीच्या बायकांत हा दम नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
जेवण झाल्यावर शेवंतीनं बाही वर करून कोपराखालचा डाग दाखवला. फिकट, बशीएवढा. म्हणाली, "ह्यो डाग गणपतीत बारको होतो. हॉस्पिटलात दाखवया काय?"

चष्मा लावून नीट बघितला. कोरडी त्वचा. कोलॅजेन कमी पडलंय, दुसरं काही नाही. त्वचेचा माझा अभ्यास आता पाच आठवड्यांचा आहे. ह्याच्यासाठी हॉस्पिटलात लाइन लावायची म्हणजे दोघांचा दिवस फुकट. तिला माझ्यातली पावडर रोज अर्धा चमचा द्यायचं ठरवलं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार.
शेवंतीचा अर्धा चमचा बंद केला. तिला लॉबीत बसायचं नाही, मला बसायचंय. चिंतामणीनं डब्यांबरोबर क्रीमचं पाऊच फुकट दिलं होतं, ते तिला दिलं. तिनं देवाजवळ ठेवलं. वापरत का नाही विचारलं तर म्हणाली, संपेल.

११ मार्च, सोमवार.
प्रगती. सातव्या मजल्यावरच्या ऑफिसातली एक मुलगी मला रोज "गुड मॉर्निंग, बाबा" म्हणायची. आज "अंकल" म्हणाली. ह्या हिशेबानं मेपर्यंत "भैया" व्हायला हरकत नाही.

२२ मार्च, शुक्रवार.
काल धुळवड. मिशीला लावलेला काळा रंग पाण्यानं उतरून हनुवटीवर आला, आणि चाळीतल्या पोरांना वाटलं मी मुद्दाम सोंग घेतलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवंतीनं मोरीपाशी बसवून तोंड घासून दिलं. साबण तिच्या हातातून तीनदा सटकला. म्हणाली, "ही दोन बोटां माझी नायत असा वाटता." करंगळी आणि तिच्या शेजारचं. मी म्हणालो, साबणाची वडी मोठी आहे, आपण लहान आणू.

१४ एप्रिल, रविवार.
दोन्ही डबे संपले. चिंतामणी फोन उचलत नाही. त्याची बायको कांता म्हणाली नाशिकला ट्रेनिंगला गेलाय, कधी येईल माहीत नाही.

रिकामा डबा फेकणार होतो. म्हटलं, एकदा वाचून तरी बघू. बारीक अक्षरात लिहिलंय की हे माशांची खवलं आणि कातडी ह्यापासून बनवतात.

खवलं. म्हणजे जे कोळणी गटारात टाकतात ते. मग डब्याची भानगड हवी कशाला? ठराव. उद्यापासून घरगुती कोलॅजेन.

१५ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.
गुणवंतीकडे गेलो. ही कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंचवीस वर्षं बसते. खवलं मागितली. तिला वाटलं मांजराला हवीत. मी म्हणालो, चेहऱ्याला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, सत्तर वर्षं मी खवल्यांत बसलेय. माझं तोंड बघ."

तिचं तोंड उन्हावाऱ्यानं सुकवलेल्या बोंबलासारखं झालंय हे खरं. पण तिनं खवलं अंगावर उडवून घेतली, उकळून प्यायली नाहीत. फरक आहे.

पिशवीभर दिली. फुकट.

२१ एप्रिल, रविवार.
खवलं तीन तास उकळली. वर जेलीसारखा थर आला. म्हणजे विज्ञान बरोबर आहे. वासाबद्दल मात्र लोकांची सहनशक्ती राहिली नाही. वरच्या मजल्यावरून तात्या काठी टेकत खाली आले. विचारलं, कोणी गेलंय का. मी म्हणालो, प्रयोग चालू आहे. शेवंतीनं सगळ्यांची माफी मागितली आणि दुपारभर दार-खिडक्या उघड्या ठेवून पंखा फिरवत बसली.

दोन कप प्यायलो. अर्ध्या तासात उलटी. शरीर जुनं सामान बाहेर टाकतंय.

२८ एप्रिल, रविवार. दुपारी.
मनासारखा दिवस नाही.

खवलं ताजी हवीत, म्हणून आज पूर्ण जिताडा घ्यायचं ठरलं. शेवंतीला बरोबर नेलं. मीच म्हणालो, तूच हातानं खवलं काढून घे, ह्यांच्या विळीला सतरा माशांचं पाणी लागलेलं असतं. शेवंती जिताडा धरून उभी राहिली आणि गुणवंतीशी पापलेटच्या भावाबद्दल बोलू लागली. बोलता बोलता गुणवंती थांबली. म्हणाली, "बाय, तुझ्या हातातून रगत गळतंय."

जिताड्याच्या पाठीचा काटा करंगळीत आरपार गेला होता. साडीवर रक्त. शेवंतीला पत्ता नव्हता.

गुणवंतीनं तिचा हात ओढून घेतला. करंगळीला जोरात चिमटा काढला. "कळतंय?" शेवंती म्हणाली, नाय. मग बाही वर केली, डाग बघितला, त्यावरून नख ओढलं. "हितं?" नाय.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली त्यांच्याकडे तुळशीदास म्हणून जाळी विणणारा होता, त्याला असंच झालं होतं. घरच्यांनी लपवून एक वर्ष काढलं. रोग बरा झाला, पण बोटं वाकडी राहिली, सुई धरवत नाही. "उद्या मतदानाची सुट्टी. परवा हिला मोठ्या दवाखान्यात ने. कातडीच्या डॉक्टरकडं. परवाच."

रोगाचं नाव पण घेतलं तिनं. ते इथे लिहीत नाही. मासे विकणाऱ्या बाईला काय कळतं. आमच्या घरात तसलं कधी कुणाला झालेलं नाही.

जिताडा आणला नाही.

३० एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.
दिवसभर टेबलापाशी शांतपणे विचार केला. हॉस्पिटल कुठे पळून जात नाही. निवड ३१ मेला. त्याच्या आधी तिला तिथल्या लाइनीत उभी केली आणि ओळखीच्या कोणी बघितलं, तर गोष्ट टॉवरपर्यंत जायला किती वेळ? मग कसला फ्रेश चेहरा. लॉबी गेलीच म्हणायची. शिवाय काही नसणारच. नसलेल्या गोष्टीसाठी नोकरी घालवायची का?

एकच महिना. महिन्यात काय होतंय.

शेवंतीला हे सगळं समजावलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "बरा." समजूतदार आहे.

७ मे, मंगळवार.
शेवंती सकाळी गुणवंतीबरोबर मच्छीमार नगरात गेली, पावसाळ्याची सुकी मासळी आणायला. दुपारी रिकाम्या हातानं आली. मासळी चांगली नव्हती म्हणे. एवढ्या लांब जाऊन सोडे नाहीत की बोंबील नाहीत. बायकांना बाजारात नीट घासाघीस करता येत नाही.

१५ मे, बुधवार.
सोळा दिवस राहिले. शेवंती गप्प गप्प असते. भाकरी उलटायला हल्ली सांडशी वापरते. चांगली सवय. मीच लावली असणार.

१९ मे, रविवार. दुपारी.
धक्का बसला. साखर शोधताना पिठाच्या डब्यामागे गोळ्यांचं पान सापडलं. चकचकीत. रोजची एक चॉकलेटी कॅप्सूल, एक पांढरी गोळी, महिन्याची शिस्तीत मांडणी. शेवंतीला विचारलं. ती म्हणाली, "कातडीचा औषध."

कातडीचं. म्हणजे मी इथे खवलं उकळून पितोय आणि ही सुक्या मासळीच्या नावाखाली रेडीमेड कॅप्सूल आणून एकटी खातेय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आजवर तिनं एकटीनं एक पेढा खाल्ला नाही. माणसं बदलतात.

मनाला लागलं.

२२ मे, बुधवार.
चॉकलेटी कॅप्सूल घेतोय. आज तिसरी. तिच्यासाठी भरपूर शिल्लक आहेत. नवरा-बायकोत माझंतुझं नसतं. फरक ताबडतोब. गालावर उजेड आल्यासारखा वाटतो. माल चांगला आहे, चिंतामणीच्या पावडरीच्या कैक पट वर.

२३ मे, गुरुवार.
आज मतमोजणी. अख्खी चाळ टीव्हीसमोर. मी पण गॅलरीत उभा होतो. शेवंतीनं आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे भरदिवसा दार कधी लावत नाहीत.

हातात पान. विचारलं, "तीन कॅप्सूल खय गेले?"

मी म्हणालो, त्यात काय, मी घेतल्या.

ती खाली बसली. म्हणाली, डॉक्टरीणबायनं दहादा बजावलंय की एक दिवस चुकवायचा नाही. तिनं एक दिवस चुकवला नव्हता. रोज पुढचं घर मोकळं दिसायचं. तिला वाटलं आपलंच मोजण्यात चुकलं, म्हणून ती त्याच्या पुढची घ्यायची. आज सगळं पान मोजलं.

मग सांगितलं. सात तारखेला गुणवंती तिला सुकी मासळी आणायला नाही, पालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. पाच तास दोघी बाकावर. गुणवंतीनं त्या दिवशी धंदा लावला नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमची एकतीस तारीख होती मां. आधी सांगान तुमच्या जिवाक घोर कित्याक?"

बाहेर कोणीतरी जिंकलं. फटाके वाजत होते.

रोगाचं नाव लिहितो. कुष्ठरोग. चार अक्षरं आहेत. लिहायला वेळ लागला.

२४ मे, शुक्रवार.
सकाळी मी माझं ताट-वाटी वेगळ्या फळीवर ठेवलं. शेवंतीनं बघितलं. आपला पेलाही तिनं स्वतःच उचलून मोरीकडे वेगळा ठेवला.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. लॉबीत एका साहेबाला दोनदा सही करायला लावली.

संध्याकाळी येऊन दोन्ही परत एका फळीवर ठेवलं. तिनं ते पण बघितलं.

३१ मे, शुक्रवार.
निवड झाली.

सकाळी दाढी दोनदा केली. मिशी व्यवस्थित. शर्टाला इस्त्री शेवंतीनं केली, डाव्या हातानं. सुभद्रा मॅडमच्या टेबलासमोर मी छाती काढून उभा राहिलो, खिडकीचा उजेड बरोबर गालावर येईल अशा बेतानं.

त्यांनी मान वर केलीच नाही. आधार कार्डाची कॉपी मागितली, जन्माचं साल बघितलं, कॉम्प्युटरमध्ये टाकलं. एकोणीसशे अठ्ठावन्न. कॉम्प्युटरनं पी-थ्री सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, बेसमेंट. नेक्स्ट."

चार महिन्यांत चेहऱ्याकडे बघायची संधी एकदा होती, ती त्यांनी घालवली. त्यांचं नुकसान.

तळघरात ऊन लागत नाही. कातडीला ते चांगलंच.

४ जून, मंगळवार.
शेवंतीबरोबर हॉस्पिटलात गेलो. दुसरं पान घ्यायची तारीख होती. रजा मागताना खरं कारण सांगितलं नाही, दात म्हणालो.

डॉक्टरीणबाई तरुण. तीन कॅप्सूलचं मी स्वतः सांगितलं. म्हणजे शेवंतीनं माझ्याकडे बघितल्यावर सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्ही का घेतल्या?" मी म्हणालो, गैरसमज. त्या आणखी काही विचारतील असं वाटलं, पण नाही विचारलं.

घरच्यांची पण तपासणी असते. पडद्यामागे शर्ट काढून त्यांनी माझी पाठ, हात, कान सगळं बघितलं. मी श्वास रोखून उभा. म्हणाल्या, "काही नाही. कातडी वयाप्रमाणे ठीक आहे."

मग शेवंतीचे डोळे मिटायला लावून पेनचं टोक तिच्या बोटांना टेकवत गेल्या. अंगठा, कळलं. तर्जनी, कळलं. मधलं, कळलं. शेवटच्या दोन बोटांना त्या टेकवत होत्या आणि शेवंती तशीच बसली होती, आता लावतील म्हणून वाट बघत.

विचारलं, हे कधीपासून. शेवंती पटकन म्हणाली, झाले दोन महिने. डॉक्टर ते लिहायला लागल्या.

मी म्हणालो, नाही. डाग गणपतीपासून. तवा हातानं धरला तो नऊ फेब्रुवारीला. डाग मला दाखवला चोवीस फेब्रुवारीला.

त्यांनी विचारलं, मग फेब्रुवारीत का नाही आणलंत?

मी म्हणालो, कोरडी त्वचा वाटली. शेवंती खिडकीबाहेर बघत होती.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग नक्की जाईल. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, एकत्र जेवा, एकत्र राहा. कातडी मध्ये काळवंडेल, ती गोळ्यांमुळे, नंतर उजळेल. पण कोपरापाशी जी नस सुजलीय तिचं सांगता येत नाही. लवकर आलं तर परत येतं. उशीर झाला की कधी येतं, कधी नाही.

किती उशीर, ते मी विचारलं नाही. मला तारखा पाठ होत्या.

९ जून, रविवार.
नव्या दमानं सुरुवात. ठराव.

एक, शेवंतीला मी बरी करणार. डॉक्टर रोग बरा करतील, बोटं मी. रोज खोबरेल तेलानं मालिश, बोटांचा व्यायाम. दोन, रोज तिचे हात-पाय तपासायचे. जखम झाली तरी तिला कळणार नाही, दुसऱ्यानं बघायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन, दर रविवारी पेननं परीक्षा. त्या दोन बोटांना दहापैकी मार्क. चार, भाकरी ती थापणार, भाजणार मी.

पहिल्या दिवसाच्या ऐंशीतल्या तीस खानावळीनं परत पाठवल्या. नमुना म्हणून ठीक आहे.

आजचे मार्क, शून्य.

१६ जून, रविवार.
चिंतामणी नाशिकहून आला. शेवंतीच्या हाताला पट्टी बघून विचारलं. मी म्हणालो, अ‍ॅलर्जी. म्हणाला, अ‍ॅलर्जीवर कोलॅजेन उत्तम. एक डबा घेतला. घेतला म्हणजे नाही म्हटलं असतं तर आणखी काही विचारलं असतं.

मार्क, दहापैकी दोन. सुरुवात झाली.

७ जुलै, रविवार.
मृणालिनी आली. आमची लेक, सासर वसईला. मी बजावलं होतं की तिला काही कळवायचं नाही, सासरच्यांना कळलं तर काय. शेवंतीनं तिला मेमध्येच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

मला वाटलं होतं लेक घाबरेल. आली ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नंतर आईच्या हातानं कालवलेला भात खाल्ला. जाताना जिन्यात मला म्हणाली, "बाबा, आईला तुम्ही सांगाल ते खरं वाटतं. जरा जपून सांगत जा."

म्हणजे काय ते समजलं नाही.

मार्क, चार.

११ ऑगस्ट, रविवार.
मार्क, सात. चहूबाजूंनी सुधारणा. शेवंतीचा रंग गोळ्यांनी बराच काळवंडलाय. ती आरशासमोर फार वेळ उभी राहत नाही. मी म्हणालो, कातडीचं काय एवढं, माणूस महत्त्वाचा. ती हसली. का हसली विचारलं नाही.

तळघरात आता मी तालुक्याच्या गावचा मास्तर असल्यासारखा असतो. गाड्यांचे ड्रायव्हर येऊन बसतात. त्यातल्या एकाच्या पाठीवर फिकट डाग होता. त्याला त्याच दिवशी हॉस्पिटलात पिटाळला. ते साधं शिबं निघालं. तरी मी बरोबर होतो.

१५ सप्टेंबर, रविवार.
मार्क, नऊ. गणपती पावला. खरं तर मालिश पावलं. वहीत आलेख काढलाय, रेघ सरळ वर चाललीय. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई नसेची तपासणी करणार आहेत. त्यांना वही दाखवणार. माझी पद्धत त्यांनी इतर पेशंटना सांगितली तर माझी हरकत नाही.

गुणवंतीला सांगितलं. ती म्हणाली, "नऊ? येवढ्यात?" आणि कोळंबी सोलत राहिली. शिकलेली नाही बिचारी.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.
परवा हॉस्पिटलची तारीख. म्हणून आज शेवटची परीक्षा, नीट घ्यायची असं ठरवलं.

शेवंती पाटावर बसली. डोळे घट्ट मिटलेले, हात माझ्या गुडघ्यावर. अंगठ्यापासून सुरुवात केली. सगळं बरोबर. करंगळीपाशी आलो, आणि माझा चष्मा घसरला. तो सावरायला हात वर नेला. पेन माझ्या कानापाशी होतं.

शेवंती म्हणाली, "हां. कळला. करंगळी."

मी थांबलो. पेन तसंच वर धरून ठेवलं. घरात कुकरचा आवाज तेवढा. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हां. आता बाजूचा बोट."

मी पेन खाली ठेवलं. जमिनीवर. दोन्ही हात मागे घेतले. दर रविवारी जितका वेळ जातो तितका वेळ थांबत राहिलो. जितक्यांदा थांबलो तितक्यांदा ती हां म्हणाली. मध्ये एकदा मुद्दाम म्हणाली, "आता थोडा कमी कळला." खरं वाटावं म्हणून असणार.

डोळे उघडून विचारलं, "किती मार्क?"

मी म्हणालो, दहापैकी दहा.

तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "तुमच्या तेलाचो गुण."

मी हो म्हणालो. वहीत शून्य लिहिलं, तवा ठेवला आणि भाकऱ्या भाजायला बसलो.